साडेनऊ मिलिसेकंदांचा हिशोब

आई दर रविवारी विचारते, "तू तिकडं नक्की करतेस काय गं?" आणि मी दर रविवारी काहीतरी वेगळं सांगून वेळ मारून नेते. मागच्या वर्षी नागपंचमीच्या आदल्या दिवशी तिने व्हिडिओ कॉल लावला तेव्हा ती ज्वारीच्या लाह्या फोडत होती, नागपंचमीला आमच्यात तवा-कढई चढवत नाहीत म्हणून आदल्या दिवशीच सगळं, फोन डब्याला टेकवलेला, त्यामुळे मला दिसत होतं नुसतं छत आणि ऐकू येत होता तडतडाट. आधी एकदम धडाक्यात, मग विरळ, मग थांबून थांबून एखादी चुकार. मी म्हटलं आई हेच, अगदी हेच करते मी, फक्त माझ्या लाह्या आर्गॉनच्या. ती म्हणाली, "मग त्यासाठी जर्मनी कशाला गाठायची?"

तर झालं असं की पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाला, आल्यावर माझ्या वाट्याला आलं आर्गॉन १३ प्लस. म्हणजे आर्गॉनचे १८ पैकी १३ इलेक्ट्रॉन काढून टाकलेले, उरले पाच. असे इलेक्ट्रॉन गमावलेला अणू म्हणजे आयन. त्यातला शेवटचा जो २पी नावाच्या कप्प्यातला एकटा इलेक्ट्रॉन आहे त्याच्या दोन पातळ्या असतात, स्पिन एका बाजूला किंवा दुसऱ्या बाजूला असं ढोबळमानाने धरा, आणि वरच्या पातळीवरून खाली येताना तो ४४१ नॅनोमीटरचा एक निळसर जांभळा फोटॉन टाकतो. पण ही उडी नियमाने 'बंद' असलेली आहे, साध्या वाटेने होत नाही, चुंबकीय वाटेने हळूच होते, त्यामुळे तो वर बसून राहतो आणि सरासरी साडेनऊ मिलिसेकंदांनी खाली येतो. तुम्हाला साडेनऊ मिलिसेकंद म्हणजे काहीच नाही वाटेल, पण अशा आयनांतल्या सरळ उड्या पिकोसेकंदांत उरकतात, त्यांच्या हिशोबाने हा पठ्ठ्या युगानुयुगं वर बसलाय.

या वर बसून राहण्याच्या सरासरी वेळेला आम्ही आयुष्य म्हणतो, आणि ते किती बदलतं बघा. साध्या हेलियमची सर्वात खालची मेटास्टेबल, म्हणजे अशीच अडकून बसणारी, पातळी ७८७० सेकंद टिकते, दोन तासांच्या वर, एकटं सोडलं तर. तीच पातळी आर्गॉनचे १६ इलेक्ट्रॉन काढून दोनच ठेवले की २०० नॅनोसेकंदांच्या आसपास येते. अणूच्या केंद्राचा चार्ज वाढला की ही उडी साधारण त्याच्या दहाव्या घाताने वेगवान होते, दहाव्या! म्हणून या धंद्यात एकच यंत्र सगळ्याला चालत नाही, काही आयुष्यं पट्टीने मोजावी लागतात आणि काही घड्याळाने.

पट्टीवालं काम मी पीएचडीला केलेलं. दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरला १५ यूडी पेलेट्रॉन हे आयन पळवायचं यंत्र आहे, तिथे बीम-फॉइल नावाची पद्धत. त्यात काय करतात तर आयनांचा वेगवान बीम कार्बनच्या पातळ पापुद्र्यातून पार करतात, पलीकडे आयन उत्तेजित होऊन बाहेर पडतो आणि पळता पळता प्रकाश किंवा एक्स-रे टाकतो. लोखंडाचा १०० एमईव्ही ऊर्जेचा बीम धरला तर तो एका नॅनोसेकंदात साडेअठरा मिलिमीटर जातो, म्हणजे फॉइल मागेपुढे सरकवून कुठे किती उजेड आहे ते मोजलं की अंतर भागिले वेग, आलं आयुष्य. कल्पना इतकी साधी आहे की ऐकल्यावर वाटतं आपल्याला का नाही सुचली. फॉइल मात्र १० मायक्रोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर, जाडी साधारण ५० नॅनोमीटर, काचपट्टीवर चढवलेली असते, ती पाण्यात तिरकी बुडवून अलगद सोडवायची, काळसर साय आल्यासारखी तरंगते, मग खालून फ्रेम घालून उचलायची. पहिल्या दिवशी मी बारापैकी चार उचलल्या, बाकीच्या पाण्यात चुरगळल्या. दुधावरची साय काढायला आजीने शिकवलेलं त्याचा तिथे काही उपयोग झाला नाही.

पण आर्गॉन १३ प्लसला ही पट्टी चालणारच नाही. त्याच वेगाने पळत राहिला तर साडेनऊ मिलिसेकंदांत आयन पावणेदोनशे किलोमीटर जाईल, पुण्याहून सुटला तर आमचं गाव जेऊर मागे टाकून पुढे. एवढी लांब पाइप कोण देणार. मग आयनाला पळवायचंच नाही, एका जागी डांबून ठेवायचं आणि घड्याळ लावायचं.

डांबायचं यंत्र म्हणजे इलेक्ट्रॉन बीम आयन ट्रॅप, सगळे ईबिट म्हणतात. पहिला ईबिट १९८० च्या दशकात अमेरिकेत लिव्हरमोरला लेव्हीन आणि मार्स यांच्या टीमने बनवला, आणि त्याचा बाप म्हणजे आयन सोर्स, तो त्याआधी रशियातल्या दुब्नाला डोनेट्सने केलेला. आत एक केसासारखा बारीक इलेक्ट्रॉन बीम, तो सुपरकंडक्टिंग मॅग्नेटने दाबून अजून बारीक केलेला, आर्गॉन गॅसची अगदी चिमूटभर धार आडवी सोडायची, बीम एकेक इलेक्ट्रॉन ठोकून बाहेर काढतो आणि तयार झालेला आयन बीमच्या ऋण चार्जला चिकटून आतच राहतो. दोन्ही टोकांना व्होल्टेजचे बांध. बाराव्या, म्हणजे १२ प्लस, आयनाचा तेरावा करायला ६८६ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात आणि तेराव्याचा चौदावा करायला साधारण ७५६. म्हणजे बीमची ऊर्जा या दोन आकड्यांच्या मध्ये ठेवायची, की तेरावर गाडी थांबते.

हे कागदावर. प्रत्यक्षात बीमचा स्वतःचाच ऋण चार्ज इतका असतो की आतल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा डायलवरच्या आकड्यापेक्षा बरीच कमी भरते, आणि किती कमी ते करंटवर अवलंबून. म्हणून मी पहिले दोन दिवस नुसतं व्होल्टेज दहा-दहाने वर नेत निळा उजेड बघत बसले. काहीच नाही, काहीच नाही, मग काउंट, म्हणजे मोजलेले फोटॉन, हळूच उठायला लागतात, चढतात, एका ठिकाणी सपाट होतात आणि पुढे परत उतरतात कारण तिथून चौदावे बनायला लागले. तो उठाव पहिल्यांदा दिसला तेव्हा रात्रीचे पावणेदोन वाजलेले आणि कंट्रोल रूममध्ये मी एकटी, कोणाला सांगावं तर कोणी नाही. शेवटी जेऊरला फोन लावला, तिकडे सव्वापाच, आई दूध काढायला उठलेली. "निळं दिसलं" म्हटलं. ती म्हणाली, "जेवलीस का?"

आता मोजायचं कसं. बीम चालू ठेवून आयन बनवायचे आणि उत्तेजित करायचे, मग बीम झटकन बंद. ज्या उड्या सरळ आहेत त्या बीम गेला त्या क्षणी संपतात, उरतो फक्त आपला निळा, तो हळूहळू विझत जातो. बीम गेला तरी आयन लगेच पळत नाहीत, आडव्या दिशेने त्यांना मॅग्नेटिक फील्ड धरून ठेवतं आणि लांबीच्या दिशेने व्होल्टेजचे बांध आहेतच. बाजूच्या खिडकीतून लेन्सा, मग ४४१ चा फिल्टर, मग थंड केलेला फोटोमल्टिप्लायर, तो फोटॉन मोजतो आणि प्रत्येकाला वेळेचा शिक्का मारतो. २०० मिलिसेकंदांनी परत बीम चालू, परत तेच. रात्रभर. एका फेरीत चार-पाच फोटॉन आले तरी खूप, म्हणजे सेकंदाला वीसेक. ०.१ टक्क्यापर्यंत जायचं तर दहा लाख फोटॉन पाहिजेत, म्हणजे १४ तास, आणि ते सुद्धा बॅकग्राउंड शून्य असेल तर, जो कधी नसतो.

०.१ टक्का कशाला पाहिजे तेही सांगते, नाहीतर हा सगळा उपद्व्याप वेडेपणा वाटेल. इलेक्ट्रॉनचा चुंबकीय मोमेंट, म्हणजे त्याच्यातल्या चुंबकाची ताकद, डिराक या शास्त्रज्ञाच्या गणितापेक्षा किंचित जास्त असतो, ती ताकद सांगणारा आकडा जी, तो २ नाही तर २.००२३. या किंचितमुळे आपली चुंबकीय उडी ०.४६ टक्का वेगवान व्हायला पाहिजे. हे न धरता हिशोब केला तर आयुष्य येतं ९.५८२ मिलिसेकंद आणि धरून केला तर ९.५३८. हायडेलबर्गच्या ग्रुपने २००५ मध्ये ईबिटवर मोजलं आणि आलं ९.५७३, एरर त्या फरकापेक्षा बराच लहान. म्हणजे जे धरायलाच पाहिजे ते न धरलेल्या बाजूला झुकलेलं! २००७ मध्ये त्यांनी लोखंड १३ प्लसचं मोजलं, १६.७३ मिलिसेकंद, तेही गणितापेक्षा लांब, त्याच दिशेला. इलेक्ट्रॉनचा जी हा फिजिक्समधल्या सगळ्यात घासूनपुसून मोजलेल्या आकड्यांपैकी एक, त्यावर शंका घ्यायची कोणाची छाती नाही, म्हणून हे प्रकरण चविष्ट आहे. आमचं काम तितकं मोठं नव्हतं, आमचा ट्रॅप नवा होता आणि बॉसचं म्हणणं की ज्याचं उत्तर माहीत आहे ते आधी मोजा, स्वतःच्या चुका कळतात.

कळल्या की. पहिली चूक शंभर टक्के माझी.

मला वाटलं मेन्सचा, म्हणजे भिंतीतल्या विजेचा, ५० हर्ट्झचा आवाज सगळीकडे घुसतो, तर आपण हुशारी करू, प्रत्येक फेरी मेन्सच्या लाटेच्या एकाच बिंदूवर सुरू करू, सगळ्या फेऱ्या सारख्या होतील. पल्स जनरेटरवर ट्रिगर 'लाइन' ला टाकला. तीन रात्री डेटा घेतला, सुंदर वक्र, लॉग स्केलवर टाकला की सरळ रेघ, मी खुश. मग नेहमीची तपासणी म्हणून फिटची, म्हणजे ठिपक्यांवर गणिताचा वक्र बसवायची, सुरुवात सरकवून बघितली, म्हणजे बीम बंद झाल्यावर २ मिलिसेकंदांपासून फिट करा, मग ३, मग ४ वगैरे, उत्तर तेच राहायला पाहिजे. राहिना. ९.४, ९.५, ९.७, परत ९.५, नुसता झोका. फिट वजा करून उरलेले ठिपके काढले तर त्यात बारीक लाट, शिखर ते शिखर बरोब्बर १० मिलिसेकंद.

१० मिलिसेकंद म्हणजे १०० हर्ट्झ म्हणजे दिवे. मेन्सच्या एका लाटेत दिवा दोनदा उजळतो. आणि नशीब बघा, जे मोजायचंय ते साडेनऊ, आणि जे घुसलंय ते दहा, सख्ख्या भावासारखं शेजारी बसलेलं. दिवा मेन्सला बांधलेला आणि मी फेरीही मेन्सला बांधली, मग लाट प्रत्येक फेरीत त्याच जागी येऊन रात्रभर साचत गेली. ट्रिगर जनरेटरच्या आतल्या क्रिस्टलच्या घड्याळावर ठेवला असता तर मेन्स स्वतः थोडं मागेपुढे होत राहतं, लाट आपोआप पुसली गेली असती आणि उरला असता सपाट बॅकग्राउंड, जो वजा करता येतो. हुशारी नडली ती अशी.

पण दिवा कुठला? हॉलमधले सगळे बंद, मॉनिटर बंद, पंपांच्या कंट्रोलरवरचे एलईडी सुद्धा काळ्या टेपने झाकलेले. मी आणि शेजारच्या सेटअपवरचा बंगाली दादा, आम्ही दोघं अंधारात हात चाचपडत एकेक फ्लॅंज, म्हणजे यंत्राच्या तोंडांवरची धातूची झाकणं, काळ्या कापडाने झाकत काउंटरकडे बघत फिरलो, लहानपणी लाइट गेल्यावर मेणबत्ती शोधायचो तसं. वरच्या बाजूची एक न वापरलेली खिडकी झाकल्यावर काउंट पडले. ती मी स्वतः अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावून बंद केलेली होती, आणि फॉइलला कडेला नखाएवढं भोक, बहुतेक माझ्याच नखाचं. त्या भोकातून समोरच्या कॉरिडॉरमधला बाहेर-जायच्या-रस्त्याचा हिरवा दिवा डोकावत होता, जो नियमाने बंद करता येत नाही. हिरवा असला तरी त्यातला जो इवलासा भाग फिल्टरमधून निसटत होता तेवढा पुरला. दादा म्हणाला, "तीन रात्री तू एक्झिट साइनचं लाइफटाइम मोजत होतीस." लॅबमध्ये हे अजून चालू आहे, कॉफी घेताना कोणी ना कोणी एक्झिट साइनची तब्येत विचारतंच. खिडकीवर मी दोन थर फॉइल आणि वर अर्धा रोल काळी टेप लावली, ट्रिगर क्रिस्टलवर आणला, लाट गेली.

मग खरं दुखणं सुरू झालं, आणि त्यासाठी परत आईच्या कढईकडे यावं लागतं. समजा तडतड कमी होत चाललीय, याचा अर्थ लाह्या फुटून संपत आल्या, असं आपण धरतो. पण कोणी गुपचूप कढईतून न फुटलेली ज्वारी काढून नेत असेल तर? तडतड तशीही कमी होणार, आणि आवाजावरून कळणार नाही. ट्रॅपमध्ये हे चोर असतात. व्हॅक्यूम कितीही चांगला असला तरी थोडे हायड्रोजनचे रेणू आणि आपण स्वतः सोडलेला आर्गॉन आत फिरत असतो, १३ प्लस आयन त्यांच्यातला एक इलेक्ट्रॉन हिसकावून घेतो आणि १२ प्लस होतो, मेला नाही, पण आपल्या कामातून गेला. चार्ज एक्स्चेंज म्हणतात याला. शिवाय काही आयन बांधावरून उडी मारून निघूनच जातात, बीम बंद झाला की त्यांना मधोमध धरून ठेवणारा ऋण चार्ज राहत नाही आणि ढग थोडा पसरतो. दोन्हींनी उजेड लवकर विझतो, आयुष्य खोटं कमी दिसतं. आयन सरासरी १० सेकंद टिकला तर चूक ०.१ टक्का. दोनच सेकंद टिकला तर अर्धा टक्का, म्हणजे ज्या ०.४६ साठी हे सगळं मांडलंय तेवढी चूक एकट्या चोरीत.

आणि उलटा प्रकारही असतो, कोणी वरून मूठभर ज्वारी टाकत राहणं. थोडे १४ प्लस बनलेले असतील तर ते इलेक्ट्रॉन हिसकावून १३ प्लस होतात, तेही उत्तेजित, पायऱ्या उतरत उतरत आपल्याच पातळीवर येऊन बसतात आणि उजेड लांबवतात. बीम-फॉइलला कॅस्केडने, म्हणजे वरच्या पातळ्यांवरून अशाच पायऱ्या उतरत येणाऱ्यांनी, छळलं होतं, ते इथे वेषांतर करून परत भेटलं. म्हणूनच ऊर्जा ७५६ च्या खाली ठेवायचा आटापिटा, भले काउंट कमी येवोत. मी सुरुवातीला लोभ केला होता, वीस व्होल्ट वर ठेवलं होतं कारण तिथे सिग्नल जाड येत होता. तो सगळा डेटा बाजूला ठेवला. टाकला नाही, टाकायचा नसतो, फोल्डरला 'लोभ' नाव देऊन ठेवलाय.

चोरी मोजायचे दोन उपाय. एक, बीम बंद करून अर्धा सेकंद, एक, दोन, चार सेकंद थांबायचं आणि मग बीम परत लावून लगेच निळा किती येतो बघायचं, जेवढे १३ प्लस उरलेत तेवढाच येणार. दुसरा, आर्गॉनची धार कमी-जास्त करून प्रत्येक वेळी आयुष्य मोजायचं आणि रेघ शून्य दाबापर्यंत मागे ओढायची. ऐकायला सोपं, पण धार कमी केली की आयनही कमी, काउंट इतके पडतात की एका ठिपक्याला दोन रात्री लागतात, म्हणजे ज्या टोकाला रेघ जास्त नेमकी पाहिजे तिथेच ठिपके सगळ्यात लंगडे. माझं मत विचाराल तर या मोजमापात घड्याळ, फोटोमल्टिप्लायर, फिट हे सगळं सोपं आहे, विद्यार्थी सुद्धा करेल. जेवढा उजेड विझला तो उडी मारून झाल्यामुळे विझला की आयनच चोरीला गेल्यामुळे, याची वाटणी करणं हेच काम, आणि ते वक्रात दिसत नाही, वक्राच्या बाहेर जाऊन शोधावं लागतं.

मधल्या काळात एकदा मी जेऊरला येऊन गेले तेव्हा मामाने विचारलं याचा उपयोग काय. मामाला मी ग्रहणाचं सांगितलं. २२ जानेवारी १८९८ ला खग्रास ग्रहणाचा पट्टा आमच्या जेऊरवरून गेला होता, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे कावसजी दादाभाई नायगमवाला सगळी उपकरणं घेऊन जेऊरला तळ ठोकून बसले होते आणि तिकडे विजयदुर्गाला इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर. त्या काळात सूर्याच्या कोरोनातली, म्हणजे ग्रहणात दिसणाऱ्या त्याच्या तेजोवलयातली, एक हिरवी रेघ, म्हणजे प्रकाशातला एक ठरावीक रंग, कोणालाच ओळखू येत नव्हती, १८६९ च्या ग्रहणात अमेरिकेत दिसलेली, कोरोनियम नावाचं मूलद्रव्यच असेल असं म्हणत होते. १९४० च्या आसपास ग्रोट्रियन आणि एडलेन यांनी उलगडलं की ते नवीन काही नाही, आपलं लोखंडच आहे, १३ इलेक्ट्रॉन गेलेलं, दहा लाख डिग्रीच्या वर तापलेलं. हेच ते हायडेलबर्गवालं १६.७३ मिलिसेकंदांचं लोखंड. आणि माझी ४४१ ची आर्गॉनची रेघही कोरोनात दिसते. तिथे किती दाट इलेक्ट्रॉन आहेत ते अशा रेघांवरून काढतात आणि त्या हिशोबात ही आयुष्यं लागतात. मामा सगळं ऐकून म्हणाला, "म्हणजे इथं स्टेशनवर बसून दिसलं असतं ते तू तिकडं डब्यात बंद करून बघतेस." याहून नेमकं माझ्या बॉसलाही सांगता आलेलं नाही.

शेवटचा आकडा साडेनऊ आणि ९.६ च्या मधे आला आणि त्याचा एरर बार, म्हणजे चुकीची शक्यता दाखवणारी पट्टी, इतका लठ्ठ की दोन्ही गणितं त्यात पाय पसरून झोपतील. मला वाईट वाटलं, बॉसला नाही, त्याच्या मते ट्रॅप पास झाला. पुढचा बीमटाइम, म्हणजे यंत्र वापरायची पाळी, एक्स-रेवाल्यांचा होता, त्यांना वरची खिडकी मोकळी हवी होती. टेप ओढली तर तिचा अर्धा गोंद फ्लॅंजवरच राहिला, काळा चिकट, आणि ती अख्खी दुपार मी शिडीवर बसून अ‍ॅसिटोनच्या बोळ्यांनी तो खरवडत होते, समोर कॉरिडॉरमध्ये तो हिरवा दिवा आपला चालूच.